दोन इमारतींमधली जागा



आपल्या व्याख्यानमालेत संतसाहित्यावर, नाटकावर, निजामी काळातल्या मराठी शिक्षणावर बोलणारी विद्वान मंडळी येऊन गेली आहेत. माझ्याकडे साहित्याची पदवी नाही आणि स्थापत्याचीही नाही. मी होमिओपॅथीचा डॉक्टर. गेली पस्तीस-छत्तीस वर्षं आदिलाबादेत दवाखाना चालवतो. त्यामुळे 'नव्या उंच इमारतींची रचना आणि लोकांचं मत' हा विषय मी कळवला, तेव्हा संयोजकांनी दोनदा फोन करून खात्री करून घेतली.

हा विषय का घेतला ते आधी सांगतो. आमच्या शास्त्रात रुग्णाची हकीकत घेताना दुखण्याइतकंच त्याच्या राहणीबद्दल विचारावं लागतं. झोपता कुठे? खोलीला खिडकी आहे का? मोकळ्या हवेत बरं वाटतं की बंद खोलीत? पूर्वी याची उत्तरं ठरलेली असत. 'उन्हाळ्यात माळवदावर, एरवी ओसरीत.' आता उत्तर येतं, 'तिसऱ्या मजल्यावर, मागच्या बेडरूममध्ये. खिडकी आहे डॉक्टरसाहेब, पण उघडत नाही, समोर दुसऱ्या अपार्टमेंटचं न्हाणीघर आहे.' आणि हैदराबादला किंवा पुण्याला मुलाकडे दोन महिने राहून आलेल्या आजीबाई म्हणतात, 'पंचविसाव्या मजल्यावर होते. घर फार छान. पण खाली कुणासाठी उतरायचं?'

दुसरं कारण याहून जवळचं आहे. या सभागृहातल्या कितीतरी घरांपुढे आज एकच प्रश्न आहे. वाडा बिल्डरला द्यायचा की नाही? मुलगा म्हणतो, देऊन टाका, चार फ्लॅट मिळतील. आई म्हणते, माझ्या डोळ्यांदेखत नको. दोघंही माझ्याकडे येतात, तो ॲसिडिटी घेऊन आणि त्या रक्तदाब घेऊन. मला त्यांच्या भांडणात पडायचं नाही. पण दोघांच्याही हाती ज्या कागदावरून निर्णय व्हायचा तो नकाशा नसतो, एवढं मी पाहत आलो आहे. आजचं बोलणं त्या नकाशाबद्दल आहे.

हा साहित्याचा विषय कसा, असं कुणी विचारेल. मराठी साहित्यातून घर वजा केलं तर काय उरेल? पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ साली आली, तेव्हापासून जन्मात मुंबई न पाहिलेल्या माणसालाही चाळ ठाऊक झाली. मधु मंगेश कर्णिकांनी 'माहीमची खाडी'त झोपडपट्टी दाखवली. आणि आपल्या अगदी जवळचं उदाहरण महेश एलकुंचवारांचं. त्यांचा जन्म यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचा, म्हणजे पैनगंगा ओलांडली की आलाच तो मुलूख. त्यांच्या 'वाडा चिरेबंदी'त वडील गेलेले आहेत, तेराव्याचा खर्च कोणी करायचा यावरून भावांत ताणाताणी आहे, दारात बंद पडलेला ट्रॅक्टर गंजतो आहे. हे नाटक पाहताना आपल्यापैकी अनेकांना कथानक समजावून सांगावं लागत नाही.

मात्र या साहित्याने आपल्याला एक सवयही लावली. जुन्या घराबद्दल आपण हुरहुरीने बोलतो आणि नव्या घराबद्दल एक तर हौसेने किंवा रागाने. नव्या घराचा नकाशा कसा असावा, याबद्दल बोलतच नाही. ते काम इंजिनिअरचं, असं धरून चालतो.

आपल्या गावात अजून वीस मजली इमारत नाही. म्हणून ज्यांच्यावर ही वेळ आधी आली त्यांच्याकडे पाहू. नंदिग्राम एक्सप्रेसने आपल्याकडची किती माणसं मुंबईला गेली याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. त्या मुंबईत मराठी कष्टकऱ्यांच्या घराचा फार मोठा प्रयोग शंभर वर्षांपूर्वी झाला आणि आज त्याच जागेवर दुसरा होतो आहे. मी बीडीडी चाळींबद्दल बोलतो आहे.

बीडीडी म्हणजे बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात, १९२० साली हे खातं निघालं. गिरणी कामगारांसाठी सरकारने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी या चार ठिकाणी सिमेंट काँक्रीटच्या चाळी बांधल्या. एकूण २०७ इमारती. प्रत्येक इमारत तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे इमारतीत ८०. खोली १६० चौरस फुटांची. संडास मजल्यावर सामाईक.

त्या काळात ही नवी, आधुनिक, सरकारी घरं होती. आणि तेव्हाच्या लोकांचं मत काय पडलं? सुरुवातीची काही वर्षं कित्येक खोल्या रिकाम्या राहिल्या. कामगार म्हणत, उन्हाळ्यात काँक्रीट तापतं, पावसाळ्यात ओल येते, भाडं परवडत नाही. पुढे मुंबईत जागेची टंचाई वाढली, तेव्हा त्याच खोल्यांत दहा-दहा माणसं राहू लागली. तिथे व्यायामशाळा निघाल्या, भजनी मंडळं निघाली, गणपती बसू लागले, आंबेडकरी चळवळीची सभास्थानं झाली. कामगार ज्या घराला नको म्हणत होते, त्याच घरात त्यांची नातवंडं 'आमची चाळ' म्हणू लागली. लोकांचं मत राहून राहून बदलतं. म्हणून सुरुवातीचा विरोध पाहून घाबरू नये आणि सुरुवातीच्या टाळ्या ऐकून हुरळूनही जाऊ नये.

आता दुसरा प्रयोग. शिवडीच्या चाळी पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर असल्याने बाजूला राहिल्या. उरलेल्या तीन ठिकाणच्या १९५ चाळी पाडून उंच इमारती बांधायचं काम म्हाडाकडे आलं. २०१७ साली नायगाव आणि ना. म. जोशी मार्गाच्या कामाचं भूमिपूजन झालं, २०२१ साली वरळीचं. १६० फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचं घर, मालकी हक्काने आणि मोफत. वरळीच्या पुनर्वसनाच्या इमारती ४० मजली. १४ ऑगस्ट २०२५ रोजी वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्या.

या इमारतींबद्दल लोकांचं मत काय, असं विचारलं तर एक उत्तर येत नाही. किमान दोन येतात, आणि दोन्ही नीट ऐकायला हवीत.

पहिलं मत तिथे राहणाऱ्यांचं. पहाटे उठून डबा घेऊन सामाईक संडासासमोर रांगेत उभी राहिलेली बाई ज्या दिवशी घरातल्या घरात संडासाचं दार लावून घेते, त्या दिवशी तिला कुणी 'चाळीतला शेजारधर्म गेला' म्हणून सांगू नये. मी डॉक्टर म्हणून सांगतो, लघवी दाबून ठेवल्याने, रात्री बाहेर जावं लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणीच न प्यायल्याने किती बायकांची दुखणी वाढतात हे आमच्या दवाखान्यातही दिसतं. म्हाताऱ्या माणसाला घरात संडास मिळणं हे औषधाइतकंच मोलाचं आहे. लग्न झालेल्या मुलाला वेगळी खोली मिळणं, मुलीला अभ्यासाला कोपरा मिळणं, आणि चार पिढ्यांनंतर घर आपल्या नावावर होणं, या गोष्टींपुढे मजले किती हा प्रश्न त्या माणसाला क्षुल्लक वाटतो. चाळकऱ्यांनी तक्रारी केल्या त्याही बहुतेक याच अंगाने. करारनामा हातात येईपर्यंत खोली सोडणार नाही, पात्रता नीट ठरवा, भाडं वेळेवर द्या. त्यात भोळेपणा नव्हता. ज्याला आयुष्यभर आश्वासनं मिळाली, तो कागद मागणारच.

दुसरं मत रचनेच्या जाणकारांचं. त्यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात ते शिरीष पटेल. मुंबईचा केम्प्स कॉर्नरचा उड्डाणपूल, म्हणजे देशातला पहिला उड्डाणपूल, त्यांच्या हातचा. १९६५ साली चार्ल्स कोरिया आणि प्रवीणा मेहता यांच्याबरोबर त्यांनी 'मार्ग' या नियतकालिकातून खाडीपलीकडे नवं शहर वसवण्याची कल्पना मांडली. तीच पुढे नवी मुंबई झाली. असा हा माणूस उतारवयात बीडीडीच्या नकाशाविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका घेऊन गेला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. मूळ रहिवाशांच्या इमारती जमिनीच्या एका भागात दाटीवाटीने कोंबल्या जात आहेत आणि उरलेली जमीन विक्रीच्या इमारतींसाठी मोकळी केली जात आहे. तिथे दर हेक्टरी माणसांची गर्दी इतकी होईल की उजेड, हवा, खेळायला जागा, सगळंच तुटपुंजं पडेल. न्यायालयाने प्रकल्प थांबवला नाही. इमारती उभ्या राहिल्या. डिसेंबर २०२४ मध्ये पटेल वारले.

ही दोन मतं एकमेकांविरुद्ध आहेत असं वर्तमानपत्रात वाचायला मिळतं. मला तसं वाटत नाही. रहिवासी घराच्या आतल्या जागेबद्दल बोलत होते आणि पटेल घराबाहेरच्या जागेबद्दल. रहिवाशांना विचारलं गेलं ते चौरस फुटांबद्दल. तुमच्या खिडकीपासून समोरची भिंत किती अंतरावर हवी, हे त्यांना कुणी कधी विचारलंच नाही. ज्याचा प्रश्नच आला नाही, त्याबद्दल मत कुठून येणार?

या अंतराने काय होतं, ते माझ्या विषयाकडे येऊन सांगतो. मुंबईच्या पूर्वेला गोवंडी-मानखुर्द भाग आहे. रस्ते आणि रेल्वेच्या कामांत ज्यांच्या झोपड्या गेल्या, त्यांना तिथे पक्क्या इमारतींत घरं दिली गेली. 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने तिथल्या लल्लुभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजीपी या तीन वसाहतींतल्या चार हजारांहून अधिक घरांचा अभ्यास केला. २०१८ साली त्याचा अहवाल आला. पहिल्या दोन वसाहतींत इमारतींमधलं अंतर जेमतेम ३ मीटर. आपल्या बैलगाडीला वळायला लागेल त्याहून कमी. तिसऱ्या वसाहतीत अंतर जास्त, उजेड जास्त. तिन्हीकडची माणसं साधारण एकाच परिस्थितीतून आलेली. पण पहिल्या दोन वसाहतींत क्षयरोगाचे रुग्ण तिसरीच्या मानाने कितीतरी पटींनी अधिक आढळले. त्यातही खालच्या मजल्यांवर जास्त, कारण तिथे ऊन पोचतच नाही आणि हवा हलत नाही.

क्षयाचे जंतू खोकल्यातून हवेत येतात. हवा खेळती असेल तर ते विरळ होतात, ऊन लागलं तर मरतात. कोंदट, अंधाऱ्या खोलीत ते तासन्‌तास तरंगत राहतात. हे वैद्यकाला शंभर वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. म्हणूनच पूर्वी क्षयाची रुग्णालयं मिरजेसारख्या मोकळ्या, कोरड्या हवेच्या ठिकाणी काढत. जाता जाता सांगतो, क्षयाची शंका आली तर सरकारी केंद्रात तपासणी आणि तिथलीच औषधं, पूर्ण मुदतीपर्यंत. माझ्याकडे आलेल्या रुग्णालाही मी तिकडेच पाठवतो. पण औषध घेऊन बरा झालेला माणूस पुन्हा त्याच खोलीत झोपायला जाणार असेल, तर त्या खोलीच्या नकाशावर सही करणाऱ्यालाही काही विचारायला हवं की नको?

इथे एक गैरसमज दूर करतो. या वसाहतींतल्या इमारती काही गगनचुंबी नव्हत्या, सात-आठ मजल्यांच्या आतल्याच. म्हणजे दोष उंचीचा नाही. उंच इमारतीलाही भोवती भरपूर जागा सोडली तर खालच्या मजल्यावर ऊन येतं, आणि बुटक्या इमारती चिकटवून बांधल्या तर दुपारी बारालाही दिवा लावावा लागतो. आपण उंचीकडे पाहतो कारण ती दुरून दिसते. अंतर दिसत नाही, ते राहायला गेल्यावर भोगावं लागतं. सरकारी मराठीत त्याला 'सामासिक अंतर' म्हणतात. आपली राहती प्रकृती या शब्दावर अवलंबून आहे, म्हणून तो लक्षात ठेवा.

आता आपल्या तेलंगणाकडे येऊ. हैदराबादेत २००६ पासून चटई क्षेत्र निर्देशांकाची वरची मर्यादा काढून टाकलेली आहे. इमारत किती उंच जाणार, हे प्लॉटचा आकार, समोरच्या रस्त्याची रुंदी आणि चारी बाजूंनी सोडलेली जागा यांवर ठरतं. म्हणूनच कोकापेट, नार्सिंगी या बाजूला पन्नासहून अधिक मजल्यांच्या इमारती दिसतात. आपली किती मुलं तिथे आयटीत आहेत! त्यांचं मत विचारलं तर तेही दुहेरी येतं. वर हवा आहे, डास नाहीत, देखावा सुंदर. पण लिफ्टची वाट पाहण्यात वेळ जातो, मेंटेनन्स दर महिन्याला वाढतो, आणि चाळीस मजल्यांच्या गाड्या सकाळी नऊला एकाच फाटकातून बाहेर पडतात.

दुसऱ्या टोकाला सरकारी घरं. दोन बेडरूमच्या योजनेत ५६० चौरस फुटांची घरं दिली गेली. कोल्लूरला ११७ इमारतींत १५,६६० घरांची वसाहत २०२३ साली सुरू झाली. घराबद्दल लोकांची तक्रार थोडी, पण कामाचं ठिकाण दूर, बस कमी, शाळा-दवाखान्याची सोय उशिरा, ही ओरड मोठी. पुन्हा तेच. उंबरठ्याच्या आत समाधान आणि बाहेर अडचण.

मग लोक समाधानाने राहतील अशा उंच इमारती होऊच शकत नाहीत का? होतात. सिंगापूरचं उदाहरण घ्या. तिथले जवळपास ८० टक्के रहिवासी सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या उंच इमारतींत राहतात. हे मंडळ १९६० साली स्थापन झालं. त्यांच्या इमारतींचा तळमजला मोकळा ठेवण्याची पद्धत पडली. खांबांवर उभी इमारत आणि खाली सावलीचा मोठा ओटा. तिथे म्हातारी माणसं बुद्धिबळ खेळत बसतात, मलय कुटुंबांची लग्नं लागतात, चिनी कुटुंबं मृतदेह ठेवून अनेक दिवसांचे विधी करतात. सुख आणि दुःख दोन्हींसाठी इमारतीच्या पोटात जागा. दुसरी गोष्ट लिफ्टची. तिथल्या जुन्या इमारतींत लिफ्ट काही ठरावीक मजल्यांवरच थांबत असे. माणसं म्हातारी झाली, गुडघे कुरकुरू लागले, लोकांनी मागणी लावून धरली, आणि २००१ पासून प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबेल अशी सुधारणा करण्याचा कार्यक्रम सरकारने घेतला. मत दिलं, ऐकलं गेलं, भिंती फोडून दुरुस्ती झाली.

आपल्याकडे तळमजला मोकळा ठेवतात तो गाड्यांसाठी. माझ्या पाहण्यातली गोष्ट आहे. एका अपार्टमेंटमध्ये चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ वारले. लिफ्ट इतकी अरुंद की तिरडी उभी करूनही मावेना. जिना वळणाचा. शेवटी चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून खाली आणलं आणि दोन मोटारींच्या मध्ये तिरडी बांधली. बायकांना उभं राहायला जागा नव्हती, त्या रस्त्यावर उभ्या राहिल्या. त्या घरातली सून मला नंतर म्हणाली, 'काका, घर घेताना आम्ही मॉड्युलर किचन पाहिलं. हे कुणाच्या डोक्यात येतं?' तिचा प्रश्न खरा आहे. घेणाऱ्याच्या डोक्यात हे येत नाही, म्हणूनच नकाशा काढणाऱ्याने आणि तो मंजूर करणाऱ्याने ते पाहिलं पाहिजे.

माझ्या समाजातली एक गोष्ट सांगतो. आम्ही दिगंबर सैतवाळ. आमचे मुनिमहाराज दिवसातून एकदाच, उभ्याने, ओंजळीत आहार घेतात. ते पायी चालतात, वाहन वापरत नाहीत, लिफ्टही नाही. श्रावकाने दारात उभं राहून त्यांचं पडगाहन करायचं, मग ते घरात येतात. आता दाराबाहेर अडीच फुटांचा बोळ आणि समोर दुसऱ्याचं दार, अशा ठिकाणी पडगाहन करायचं कुठे? आणि वीस मजले चढून या, असं महाराजांना कोण म्हणणार? मुंबई-पुण्यात त्यासाठी खालच्या मजल्यावर एखादी सामाईक खोली राखण्याची मागणी लोक करतात. आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवण आणि दिवसाच्या उजेडात स्वयंपाक हा नियम. अन्नातला बारीक जीव डोळ्यांना दिसला पाहिजे हा त्यामागचा विचार. ज्या स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडते, तिथे भर दुपारीही ट्यूबलाइट लावूनच भाजी निवडावी लागते.

हा काही एका समाजाचा हट्ट नाही. तुमच्याकडे दारात सडा-रांगोळी आहे, तुळस आहे, महालक्ष्म्यांना सवाष्णी-ब्राह्मण जेवायला बसवायचे असतात. तेलुगू शेजाऱ्यांची बतुकम्मा आहे, तिला फेर धरायला मोकळं अंगण लागतं. मुसलमान शेजाऱ्यांकडे बायकांच्या वावरासाठी आडोसा लागतो. गोंड कुटुंब शहरात आलं तरी त्याला जमिनीशी नातं हवं असतं. ही सगळी माणसं एका इमारतीत राहणार आणि तिचा नकाशा मात्र हैदराबादेच्या कुठल्या तरी प्लॉटसाठी काढलेला जसाच्या तसा इथे आणून ठेवलेला. आपला उन्हाळा ४४-४५ अंशांचा आणि हिवाळा तेलंगणात सर्वांत कडाक्याचा. आपल्या वाड्यांच्या जाड भिंती, चौक, ढाळज, ओसरी ही या हवामानाला दिलेली उत्तरं होती. आता पश्चिमेला सबंध काचेची भिंत ठेवतात आणि ती थंड करायला तीन एसी लावतात.

वाडा तसाच ठेवा, असा सल्ला मी देणार नाही. आपल्या वाड्यांतही सुखच सुख नव्हतं. माजघर अंधारं, बाळंतिणीची खोली त्याहून अंधारी. संडास परसात. ओसरीवर पुरुष आणि धुरात बायका. माझ्या आईचा खोकला चुलीच्या धुराचा होता, हे मला डॉक्टर झाल्यावर कळलं. सहा भावांचा वाडा सहा तुकड्यांत वाटून जिथे मधे पत्र्याच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत, तिथे 'वाडा वाचवा' म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या अडचणीवर आपली हौस भागवणं. वाडा जायचा असेल तर जाऊ दे. त्याच्या जागी काय येणार, हे ठरवताना मात्र आपण खोलीत असलं पाहिजे.

१९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली. किनवट नांदेडकडे गेलं, राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेलं, आपण आंध्रात राहिलो. पुढे २०१४ साली तेलंगणा झालं. या सगळ्यात आपण मराठी बोलत राहिलो, पण आपल्या जमिनीचे, घराचे कागद कधी उर्दूत, कधी तेलुगूत, कधी इंग्रजीत झाले. परिणाम काय झाला? घरातली मोठी माणसं, विशेषतः बायका, कागद वाचून सही करण्याऐवजी 'सांगतील तिथे' सही करू लागल्या. बिल्डरशी करार करतानाही तेच चाललं आहे.

म्हणून पाच गोष्टी सांगतो. त्या लिहून घ्या.

पहिली, सही करण्याआधी मंजूर नकाशा मागा. रंगीत चित्रांचं पुस्तक म्हणजे नकाशा नव्हे. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे ५०० चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवरच्या किंवा आठपेक्षा अधिक फ्लॅटच्या प्रकल्पाची नोंदणी करावी लागते आणि त्याची माहिती लोकांना पाहता आली पाहिजे. मंजूर आराखड्यात पुढे मोठा बदल करायचा तर दोन तृतीयांश घरधारकांची लेखी संमती लागते. हा अधिकार कायद्याने दिला आहे, तो कुणाचे उपकार नाहीत.

दुसरी, चौरस फूट विचारून झाले की अंतर विचारा. माझ्या बेडरूमच्या खिडकीपासून समोरची भिंत किती मीटर? शेजारचा प्लॉट आज रिकामा आहे, उद्या तिथे तेवढीच इमारत आली तर? स्वयंपाकघर उघड्यावर उघडतं की डक्टमध्ये?

तिसरी, सर्वांत खालच्या मजल्यावरच्या घराबद्दल विचारा, तुमचं घर वर असलं तरीही. कारण वरचा उजेड फुकट मिळतो, रचनेची परीक्षा खाली होते. आणि म्हातारपणी गुडघे गेले की आपणच खालचं घर मागतो.

चौथी, स्ट्रेचर मावेल अशी एक लिफ्ट आणि वीज गेल्यावर ती चालवायची सोय. हृदयविकाराच्या रुग्णासाठी त्या दहा मिनिटांचं मोल काय असतं, हे मी सांगायला नको.

पाचवी, चाळीस-पन्नास माणसं बसतील अशी सावलीची, गाड्या नसलेली जागा तळाशी. बारसं, दहावा, बतुकम्मा, हळदीकुंकू, आहारदान, सगळ्यांना ती एकच जागा पुरते. बिल्डर म्हणेल, तेवढ्यात दोन फ्लॅट जातात. जातील. त्या दोन फ्लॅटची किंमत सगळ्यांत वाटून किती होते, हा हिशेब एकदा मांडायला लावा. बहुतेक वेळा तो मॉड्युलर किचनपेक्षा कमी निघतो.

एकट्याने हे विचारलं की बिल्डर म्हणतो, 'तुम्हाला नको तर दुसरे घेतील.' दहा घरांनी मिळून विचारलं की तोच नकाशा दुरुस्त करून आणतो. माझी या संस्थेला विनंती आहे. आपण दर वर्षी व्याख्यानं भरवतो, काव्यवाचन भरवतो. वर्षातून दोनदा एक 'नकाशा-वाचन'ही भरवू या. गावात जो मोठा प्रकल्प येऊ घातला असेल त्याचा नकाशा पडद्यावर लावायचा. एखादा इंजिनिअर, एखादा वकील आणि घर चालवणाऱ्या चार बायका समोर बसवायच्या, आणि त्या कागदात काय आहे ते मराठीत आणि तेलुगूत मोठ्याने वाचायचं. नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांनाही बोलवायचं. कवितेचा अर्थ लावण्यात आपली हयात गेली. नकाशाचा अर्थ लावणं त्याहून अवघड नाही.

बीडीडीच्या चाळी शंभर वर्षं टिकल्या. आज आपण ज्या नकाशावर सही करू, ती इमारतही साठ-सत्तर वर्षं तरी उभी राहील. आपण त्यात दहा-पंधरा वर्षं राहू, नातवंडं उरलेली. दोन इमारतींमधली जागा एकदा बुजली की पुढे कुणालाही ती मोकळी करता येत नाही. म्हणून मत द्यायचं ते आत्ता, पाया खणण्याआधी.

 प्रश्न असतील तर मी थांबलो आहे. वाडा द्यायचा की नाही, एवढा एक प्रश्न मात्र मला विचारू नका, कारण आई आणि मुलगा दोघंही उद्या सकाळी दवाखान्यात यायचे आहेत.

जय जिनेंद्र. नमस्कार.